१३१ पैकी १६१ वं कार्ड

पोकेमॉनच्या कार्डांचा नवा सेट बाजारात आला की दोन दिवसांच्या आत एक यादी फिरायला लागते. सेटमधली सगळ्यात महागडी दहा कार्डं! कुठलं किती डॉलरला, काल किती होतं, आज किती आहे. लासलगावचा कांद्याचा भाव जसा रोज वर-खाली होतो ना, तसंच. फरक एवढाच की कांदा कोणीतरी पिकवलेला असतो आणि कोणीतरी खाणार असतो. इथे पाकीट फोडलं, कार्ड निघालं, प्लास्टिकमध्ये गेलं, संपलं.

मला यातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. २००३-०४ च्या सुमारास आपल्याकडे पोकेमॉन टीव्हीवर आलं तेव्हा मी ते बघण्याच्या वयातून बाहेर पडलो होतो. धाकटी चुलत भावंडं चिप्सच्या पाकिटातून निघणारे टाझो गोळा करायची, तेवढीच काय ती ओळख. पण २०२५ च्या उन्हाळ्यात आईला घेऊन दीड महिना ताईकडे न्यू जर्सीला राहिलो आणि अकरा वर्षांच्या भाच्याने माझी रीतसर शिकवणी घेतली. रोज रात्री जेवणं झाली की जमिनीवर बसायचं, बाइंडर उघडायचा, आणि मामाने हात न लावता बघायचं.

तर त्या वेळचा चर्चेतला सेट होता 'प्रिझमॅटिक इव्होल्यूशन्स'. १७ जानेवारी २०२५ ला आलेला. ईव्ही नावाचं एक कोल्ह्याच्या पिल्लासारखं गोंडस जनावर आहे, ते आठ वेगवेगळ्या रूपांत बदलू शकतं. पाण्याचं, विजेचं, आगीचं, बर्फाचं वगैरे. हा सगळा सेट त्या आठ रूपांभोवती गुंफलेला. ईव्ही मुलांचं भलतंच लाडकं, आणि ज्यांनी लहानपणी ते गेम खेळले ते आता नोकरीला लागलेले, हातात पैसा असलेले. दोन्हीकडून उड्या पडल्या. दुकानांसमोर रांगा, एका माणसाला एकच डबा, आणि शेवटी कंपनीला जाहीर करावं लागलं की आम्ही आणखी छापतोय, धीर धरा.

या सेटमधलं सगळ्यात महागडं कार्ड म्हणजे अंब्रेऑन. ईव्हीचं काळोखातलं रूप, काळं अंग आणि त्यावर चमकणारी पिवळी कडी. त्याच्या खालच्या कोपऱ्यात आकडा छापलाय: १६१/१३१. मी भाच्याला म्हटलं, "अरे, १३१ पैकी १६१ वं कसं असेल? आमच्या गणिताच्या बाईंनी कान धरून वर्गाबाहेर काढलं असतं." तो माझ्याकडे दयेने बघत म्हणाला, "मामा, दॅट्स द पॉइंट."

खरंच तीच गंमत आहे. सेटची अधिकृत कार्डं १३१. त्यापुढची ४९ म्हणजे जणू वरची कमाई. ती १३२ पासून १८० पर्यंत. नेहमीच्या कार्डांत अंब्रेऑन आहेच. तेच नाव, खेळातली ताकद तीच, नियम तेच. ते काही डॉलरांत मिळतं. १६१ नंबरचं चित्र तेवढं वेगळं, कार्डाच्या काठापर्यंत पसरलेलं, आणि त्याची किंमत बाजारात हजार डॉलरच्या वर गेली. म्हणजे खेळायला बसलात तर दोन्ही कार्डं हुबेहूब एकच काम करतात! जास्तीचे हजार डॉलर फक्त विरळपणाचे.

आता हा विरळपणा येतो कुठून? पाकिटात किती टक्के काय घालायचं ते कंपनी सांगत नाही. पण कार्डांचा बाजार चालवणाऱ्यांनी हजारो पाकिटं फोडून हिशेब मांडलेला आहे. अशी खास चित्रांची कार्डं साधारण पंचेचाळीस पाकिटांमागे एक निघतात. आणि ती कार्डं या सेटमध्ये आहेत ३२ प्रकारची. सगळी सारख्याच प्रमाणात घातली असतील असं धरलं, तर नेमकं अंब्रेऑन निघायला ४५ गुणिले ३२, म्हणजे सरासरी १,४४० पाकिटं लागणार. एक पाकीट पाच डॉलरचं धरा. झाले ७,२०० डॉलर. हजार-बाराशेच्या कार्डासाठी! वाटेत इतर चांगली कार्डंही निघतील हे मान्य, पण हा गुणाकार मी कागदावर करून दाखवला तेव्हा भावोजी थोडा वेळ गप्प बसले. भाचा मात्र गप्प बसला नाही. तो म्हणाला, "पण एका पाकिटातसुद्धा निघू शकतं ना?"

निघू शकतं. सगळा धंदा त्या 'शकतं'वर उभा आहे.

आमच्या लहानपणी डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं होती. माझ्या वयाच्या मंडळींना आठवत असतील. पैलवानाचा फोटो आणि खाली रँक, उंची, वजन, छाती, बायसेप्स, किती लढती खेळला, किती जिंकला. योकोझुना हातात आला की आपण "वजन!" म्हणून ओरडायचं आणि समोरच्याचं कार्ड आपल्याकडे. जायंट गोन्झालेझ आला की "उंची!" त्या कार्डांनाही किंमत होती आणि चांगलीच होती. मधल्या सुट्टीत योकोझुनासाठी मारामाऱ्या झालेल्या मी पाहिल्या आहेत. पण दुकानातून गठ्ठा आणला की प्रत्येकाच्या गठ्ठ्यात योकोझुना असायचाच. तो दुर्मिळ नव्हता, तो उपयोगी होता. त्याची किंमत डाव सुरू झाल्यावर ठरायची आणि डाव संपला की संपायची. खेळून खेळून त्याचे कोपरे इतके मऊ झालेले असायचे की उलट्या बाजूनेसुद्धा ओळखू यायचा. (आणि त्याचा गैरफायदा घेणारेही होते, नावं सांगत नाही!)

भाच्याच्या जगात मऊ कोपरा म्हणजे सत्यानाश. तिथे कार्ड तपासून देणाऱ्या कंपन्या आहेत. कार्ड त्यांच्याकडे पाठवायचं, ते चार बाजूंचा समास सारखा आहे का, कोपरे, कडा, पृष्ठभाग कसा आहे ते बघतात आणि एक ते दहा असे मार्क देऊन कडक प्लास्टिकच्या पेटीत कायमचं बंद करून परत पाठवतात. दहापैकी दहा मिळाले तर किंमत काही पटींनी चढते. एकदा पेटीत गेलं की ते कार्ड खेळायचं राहत नाही. हातात घेऊन वासही घेता येत नाही. नव्या पाकिटाचा वास फार छान असतो हो, भाच्याने तोही शिकवला.

तर आता मूळ गोष्टीकडे येतो.

जूनमध्ये भाच्याचा वाढदिवस झाला. आईने आपल्या पद्धतीप्रमाणे पाकिटात एक्कावन्न डॉलर घालून दिले, वरचा एक डॉलर न विसरता. त्या पैशांत सहा पाकिटं आली, कारण दुकानदार छापील किमतीच्या जवळजवळ दुप्पट घेत होता. पोरगा जेवणाच्या टेबलावर बसला, आईला आणि मला समोर बसवलं आणि एकेक पाकीट फोडायला लागला. चौथ्या पाकिटात अंब्रेऑन. तेच, १६१ वं.

तो ओरडला वगैरे नाही. कार्ड तसंच हातात धरून बघत राहिला. मग आजीला म्हणाला, "बघ, हे रात्री एकटं फिरतं, पण घाबरत नाही." आईला त्यातलं काय कळलं देव जाणे, पण तिने चष्मा लावून नीट बघितलं आणि "डोळे छान आहेत" म्हणाली.

एवढ्यात भावोजी आले आणि पुढच्या दहा मिनिटांत सगळं बदललं. हात धुऊन या, कडेला धरा, स्लीव्ह आणा, टेबलावरचं सरबत उचला. फोनवर किंमत बघितली गेली. रुपयात करून आईला सांगितली. आई म्हणाली, "त्या कागदाला? अरे, एवढ्यात तोळाभर सोनं आलं असतं." भावोजींचं म्हणणं, तपासायला पाठवू, दहा मार्क मिळाले तर ठेवून देऊ, कॉलेजच्या वेळी उपयोगी येईल. टॉर्च लावून समास बघितला. डावीकडचा केसभर जास्त वाटला. पुन्हा बघितला. ताई म्हणाली, "अहो, त्याच्या हातात तरी द्या." दिलं, पण प्लास्टिकच्या आतून.

भावोजींना मी दोष देत नाही. परदेशात एका पगारावर घर चालवणाऱ्या माणसाला पोराच्या हातात हजार डॉलर दिसले तर त्याने काय डोळे मिटून घ्यायचे? मीही त्यांच्या जागी टॉर्च लावला असता.

पण दोन दिवसांनी रात्री बाइंडर उघडला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. आधी तो बाइंडर त्याने स्वतःच्या हिशेबाने लावलेला होता. अंधारात राहणारी एका पानावर, एकमेकांचे मित्र असलेली समोरासमोर, एक पान 'मला स्वप्नात दिसलेली' असं. कुठल्याही दुकानदाराला कळणार नाही अशी रचना, पण त्या रचनेत एक आख्खा मुलगा होता. आता पहिल्या पानावर सगळ्यात महाग, मग त्याहून स्वस्त, असं उतरत्या भांजणीने लावलं होतं. स्वप्नातली कार्डं शेवटच्या पानावर गेली होती. ती प्रत्येकी दहा सेंटची निघाली.

आणि मग तो शेजारचा मुलगा. दोघे एकाच बसने शाळेत जातात. वसंतात कधीतरी त्या मुलाने भाच्याला सिल्व्हिऑनचं खास चित्राचं कार्ड दिलं होतं आणि बदल्यात तीन साधी ड्रॅगनची कार्डं घेतली होती, त्यात एक ड्रॅगापल्ट. त्याला ड्रॅगन आवडतात, भाच्याला ईव्हीची रूपं आवडतात. दोघेही खूश. अंब्रेऑनची बातमी गल्लीत पसरली तेव्हा त्या घरातही फोनवर किमती बघितल्या गेल्या. सिल्व्हिऑन दोनशे डॉलरच्या वर. तीन ड्रॅगन मिळून जेमतेम तीन-चार डॉलर. संध्याकाळी त्या मुलाची आई दारात आली. बिचारी फार संकोचली होती, "मुलांना कळत नाही ना" असं दोन-तीनदा म्हणाली. ताईने भाच्याला हाक मारली. त्याने काही न बोलता सिल्व्हिऑन आणून दिलं.

तिने परत द्यायला आणलेली कार्डं दोनच होती. ड्रॅगापल्ट नव्हतं. ते त्या मुलाने पलंगाशेजारच्या भिंतीवर डिंकाने चिकटवून टाकलं होतं, झोपताना दिसावं म्हणून. काढायला गेलं तर फाटलं असतं.

आणि तो मुलगा आईच्या मागे उभा राहून रडत होता. आम्हाला वाटलं, फसवलो गेलो म्हणून रडतोय. तसं नव्हतं. ड्रॅगन परत द्यावे लागणार म्हणून रडत होता! दोनशे डॉलर घरात परत येत होते आणि त्याला तीन डॉलरचं दुःख होतं. ताईने ती दोन्ही कार्डं त्याच्याच हातात परत ठेवली आणि प्रकरण मिटलं.

'मुलांना कळत नाही' हे वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जाईना. मला तर उलटंच वाटतं. त्या दोघांना आपल्याला काय हवंय ते पक्कं कळत होतं. दोघांनी आपापल्या मनाने सौदा केला, दोघांना हवं ते मिळालं, कोणी कोणाला फसवलं नव्हतं. असा सौदा मोठ्यांच्या जगात शोधून सापडायचा नाही. सौदा खोटा पडला तो तिसरीकडे कुठेतरी, कोणा तिसऱ्याने मांडलेल्या यादीमुळे. आता दोघे पुन्हा बसमध्ये शेजारी बसतात, पण कार्ड बदलण्याआधी फोनवर किंमत बघतात. आकडे जुळले तर बदलतात, नाहीतर नाही. ताई सांगते, बहुतेक वेळा जुळत नाहीत.

या सगळ्यावर भावोजी म्हणाले, "पण जुनी कार्डं किती महाग झाली बघ ना. तेव्हा ज्यांनी जपून ठेवली ते आज श्रीमंत." हे खरं आहे, पण अर्धंच. १९५२ साली टॉप्स कंपनीने बेसबॉल खेळाडूंची कार्डं काढली. सेटचा शेवटचा भाग बाजारात यायला उशीर झाला, बेसबॉलचा मोसम संपत आला, मुलांचं लक्ष फुटबॉलकडे गेलं आणि ढीगच्या ढीग पडून राहिले. गोदामात जागा अडते म्हणून १९६० मध्ये कंपनीच्या साय बर्गर यांनी उरलेली खोकी बोटीवर चढवून अटलांटिक समुद्रात टाकून दिली. त्याच भागात मिकी मँटलचं कार्ड होतं. त्यातलं एक उत्तम स्थितीतलं कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं. ते मौल्यवान झालं ते कोणाला त्याची किंमत नव्हती म्हणून. कंपनीने बुडवली, मुलांनी सायकलच्या चाकात अडकवली, आयांनी आवराआवरीत रद्दीत दिली. त्यातून जी चुकून वाचली ती.

पोकेमॉनचंही तसंच. इंग्रजीतला पहिला सेट जानेवारी १९९९ मध्ये आला, १०२ कार्डांचा. त्यातलं चारिझार्ड, पहिल्या छपाईचं आणि दहापैकी दहा मार्कांचं, मार्च २०२२ मध्ये ४ लाख २० हजार डॉलरला गेलं. १९९९ मध्ये मुलं ते खिशात घालून खेळत होती. म्हणूनच न दुमडलेलं मिळणं कठीण.

आता मात्र पहिल्या दिवसापासून सगळ्यांना सगळं माहीत असतं. अंब्रेऑन निघालं की दहाव्या सेकंदाला ते प्लास्टिकमध्ये. कोणीही ते समुद्रात टाकणार नाही, सायकलला लावणार नाही, भिंतीवर डकवणार नाही. आणि कागदाला तोटा नाहीच. मार्च २०२५ पर्यंत जगात पोकेमॉनची ७,५०० कोटींहून जास्त कार्डं छापून झाली होती. म्हणजे आजचा विरळपणा हा काळाने केलेला नाही, तो कारखान्यात मोजून केलेला आहे.

याचं टोक २०२३ मध्ये गाठलं गेलं. 'मॅजिक' या दुसऱ्या कार्ड-खेळाने 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वर सेट काढला आणि त्यात 'वन रिंग'चं एक असं कार्ड घातलं की जे साऱ्या जगात एकच. कुठल्या पाकिटात आहे ते कोणालाच ठाऊक नाही. सेट पुरता बाजारात येण्याआधीच एका स्पॅनिश दुकानाने त्यावर वीस लाख युरोंची बोली जाहीर केली, वर पाएया खाऊ घालू म्हणाले! ते निघालं कॅनडात, टोरोंटोकडच्या एका माणसाला, आणि पोस्ट मलोन या गायकाने ते विकत घेतलं, वीस लाख डॉलरच्या घरात असं तेव्हा छापून आलं. ज्या अंगठीच्या हव्यासाने सगळे नासतात, तिचंच कार्ड जगात एक काढायचं, याला विनोदबुद्धी म्हणावी की निर्ढावलेपण, मला ठरवता आलेलं नाही.

असो. अंब्रेऑन शेवटी तपासायला गेलं नाही. ताईने निकाल दिला की ते विकायचंही नाही आणि पाठवायचंही नाही, मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्याचं तो बघेल. सध्या ते पासपोर्टच्या खणात आहे. तो कधीमधी मागतो आणि बघून परत देतो. त्याच्या बाइंडरमधली भांजणी मात्र अजून उतरतीच आहे. मी फोनवर एकदा विचारलं, स्वप्नातलं पान कुठे गेलं रे? म्हणाला, "आहे मामा, शेवटी आहे." आहे हे महत्त्वाचं.

हे वाचणाऱ्या नातेवाईकांपैकी दोघांनी आधीच विचारून झालंय की नातवंडांसाठी ही कार्डं घेऊन ठेवावीत का, पुढे भाव येईल का. भावाचं मला विचारू नका, सोन्याचं विचारायला दुसरे लोक आहेत. पण वाढदिवसाला घ्यायचीच असतील तर दोन पाकिटं घ्या, डबा नको. पोराला स्वतःच्या हाताने फोडू द्या. निघालेल्या कार्डांतलं त्याला कुठलं आवडलं आणि का, ते आधी विचारा, आणि त्याचं सांगून होईपर्यंत कोणीही फोन काढू नका. किंमत काय, ती रात्री तो झोपल्यावरही बघता येते. आणि त्याने एखादं कार्ड भिंतीवर चिकटवलं, तर डिंक चांगला आणून द्या.